रुग्णाशी नाते

पेण, ४ डिसेंबर २०२४

सौ. अनिताताईंना हैबतरावाचा नमस्कार.

मजकुराला हात घालण्याआधी एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. मिनिडोर नावाच्या तीनचाकी वाहनात चालकाच्या बाजूला जी जागा असते, तिला जागा म्हणणं ही माणसाच्या बुडाची उघड फसवणूक आहे. गेली सव्वीस वर्षं मी तिथे अर्धा बसतो आणि भाडं पूर्ण देतो. एक मांडी आत, दुसरी हमरस्त्यावर. परवा समोरून ट्रक आला तेव्हा चालक म्हणाला, "दादा, जरा आत सरा." आत त्याचा गुडघा होता. या प्रश्नावर एकाही पक्षाने अजून भूमिका घेतलेली नाही.

त्या अर्ध्या जागेवर बसून दोन महिने मी कचेऱ्या हिंडतो आहे, म्हणून आज तुम्हाला लिहायची वेळ आली. फोन का नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या भावाच्या निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर तुम्ही रडलात, मला ते आनंदाचं रडणं वाटलं, आणि घरी येऊन मी तुमचा नंबर बंद केला. तो बंदच बरा. फोनवर आपण दोघं तीन वाक्यांपुढे कधी गेलो नाही. चौथ्याला कुणीतरी ओरडतं. कागदावर ओरडता येत नाही. नूतनचा नवा नंबर मागू नका, देणार नाही.

अर्ज लिहून लिहून आता सगळी हकीकत मला एका वाक्यात येते. 'माझी धाकटी बहीण नूतन, निडी येथील कै. जगन यांची पत्नी, हिच्यावर तिचा दीर आदेश याने जुलै २०२२ मध्ये राहत्या घरी कोयत्याने वार केले, त्यात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.' तिच्या बांगड्या आपल्याविरुद्ध कुजबुजतात, असं आदेशला ऐकू येत होतं, हे अर्जात लिहीत नाही. जगन करोनात गेल्यावरही तिने काचेच्या दोन बांगड्या हातात ठेवल्या होत्या, हेही लिहीत नाही. जागा पुरत नाही.

कोर्ट म्हणालं, कृत्य घडलं, पण करणाऱ्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं, म्हणून तो निर्दोष; त्याला इस्पितळात ठेवा. मला मान्य आहे. मी त्याला फाशी मागितली नव्हती, नूतनने तर नाहीच. पण आमचे वकील समजावतात, "गुन्हा झाला, गुन्हेगार नाही." आणि गुन्हेगार नाही म्हणून पीडितही नाही, हे गणित मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

नूतनचं मागणं एवढंच: तो सुटेल तेव्हा मला आधी सांगा. पोलीस म्हणतात केस संपली. कोर्टातला कारकून म्हणतो प्रकरण निकालात निघालं. इकडे आमच्या घरी फाटकाची कडी वाजली की ही भिंतीला टेकून उभी राहते. लग्नाआधी आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तीच करायची. आता दाराबाहेरच्या नळावर जात नाही. निडीला तिचं घर आहे, शेत आहे, जगनचे कपडे आहेत. अडीच वर्षांत तिने तिकडे पाऊल टाकलेलं नाही.

तुम्हाला काही कळलं तर कळवाल का? तुमच्याकडे मागण्याचा माझा हक्क नाही. पण बाकी कुणाकडेही नाही, असं दिसतं.

हैबतराव

&nbsp;

रोहा, १६ डिसेंबर २०२४

श्री. हैबतदादांना नमस्कार.

पत्र मिळालं. मिनिडोरचं वाचून हसू आलं आणि मग राग आला. तुमचं हे नेहमीचंच. आधी हसवायचं, मग टोचायचं.

आदेशची काही बातमी नाही. कळलं तर कळवीन.

रडण्याचं सांगते. आनंद नव्हता, दादा. निकाल ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की याला आता घरी कोण नेणार. जगन नाही, आई नाही. उरले मी. इथे माझ्या सासूबाई दाराला लिंबू-मिरची बांधतात आणि म्हणतात, "तुज्या भावाची सावली या घरात नको गो."

तुम्ही सगळं लिहिलंत, एक राहिलं. त्या वर्षी मे महिन्यात मी तुम्हाला फोन केला होता. आदेश झोपत नाही, भिंतीशी बोलतो, अलिबागला दाखवायला नेऊया, गाडी बघा, म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "भातलावणीला जुंपा, वेड उतरतं का नाही बघा." मीही हसले होते. म्हणून तुम्हाला एकट्याला बोलत नाही. पण दोन महिन्यांनी लावणीच्याच दिवसांत ते झालं. हे कुठल्या अर्जात लिहायचं?

नूतनला माझा निरोप सांगू नका. माझं नाव ऐकून तिच्या चेहऱ्याचं काय होतं ते मला इथूनही दिसतं.

अनिता

&nbsp;

पेण, ८ जानेवारी २०२५

अनिताताईंना नमस्कार.

मे महिन्याचा फोन मला आठवतो. मी तो विसरलो असं तुम्हाला वाटत असेल तर तुमचा माझ्याविषयी गैरसमज चांगला आहे. त्यावर मी काही लिहीत नाही. सुचत नाही म्हणून.

दुसरी बातमी मात्र जोरदार आहे. परवा मी थेट इस्पितळात जाऊन आलो. खिडकीत एक बाई होत्या, सज्जन, चष्म्याला दोरी बांधलेली. संवाद जसाच्या तसा देतो.

"रुग्णाचे तुम्ही कोण?"

"त्याने जिची बोटं तोडली तिचा भाऊ."

"मग माहिती देता येत नाही. रुग्णाची माहिती गोपनीय असते. नातेवाईक असाल तर फॉर्म आहे."

"ज्याला मार बसला त्याच्यासाठी कुठला फॉर्म?"

बाईंनी खरोखर खण उघडला. दोनदा पाहिलं, खालचा खणही पाहिला. म्हणाल्या, "असा नाही हो. मला कधी कुणी मागितला पण नाही."

त्यांनाच वाईट वाटलं. "पण ती बाई त्याची कोण?"

"वहिनी."

"मग तुम्ही वहिनीचे भाऊ ना! नातेवाईकच की!"

अनिताताई, माझ्या डोक्यात त्या क्षणी जो प्रकाश पडला तो विजेच्या मंडळाला कधी पाडता आला नाही. बळीचा भाऊ म्हणून मी त्या इमारतीत कुणीच नव्हतो. पाव्हणा म्हणून मला खुर्ची मिळाली. फॉर्म भरला. रुग्णाशी नाते: वहिनीचा भाऊ. पत्ता: आमचा पेणचा. मोबाईल: माझा. शेवटी एक ओळ होती, 'रुग्णास घरी नेण्यास इच्छुक आहे: होय / नाही.' मी 'नाही'वर खूण केली तर बाई म्हणाल्या, "मग फॉर्म आत घेत नाहीत, नुसती चौकशी धरतात." तेव्हा ती खोडून 'होय'वर केली. कागदच तो. नेणार आहे कोण!

आता सुटकेचं ठरलं की पत्र पहिल्यांदा माझ्याकडे येईल. जे सरकार, पोलीस आणि कोर्ट यांना जमलं नाही, ते एका वहिनीच्या भावाने बॉलपेनने केलं. नूतनला सांगितलं की व्यवस्था झाली. फॉर्मचं नाही सांगितलं. तिने विचारलं, "नक्की आधी कळेल?" म्हटलं, "सगळ्यांच्या आधी." त्या दिवशी ती ओटीवर येऊन बसली. दहा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

हैबतराव

&nbsp;

रोहा, २७ जानेवारी २०२५

हैबतदादांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. अंगणवाडीत वजनं घेण्याचं काम होतं, शिवाय आमच्या मुलाची, मितेशची, परीक्षा. काल शेजाऱ्यांनी मडक्यात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा छान शिजल्या होत्या, पण माझ्याने खाववलं नाही. लहानपणी आदेश मडक्याच्या तळाच्या करपलेल्या शेंगा माझ्याकडून हिसकावून खायचा.

तुम्ही फॉर्म भरलात हे वाचलं. तीनदा वाचलं. कागदावर तुमचं नाव आहे हे बरं झालं. मला जरा हलकं वाटलं.

बाकी काही विशेष नाही. निडीचं शेत बुधा बघतो आहे. वाल चांगला आलाय म्हणतो. नूतनचा वाटा तिचा तिला मिळेल.

अनिता

&nbsp;

पेण, १२ फेब्रुवारी २०२५

अनिताताईंना नमस्कार.

तुम्हाला हलकं वाटलं हे वाचून मी दोन दिवस फुगून फिरलो. तुमच्याकडून शाबासकी ही आमच्या घराण्यात पहिलीच. तेव्हा आता स्तुती पुरे.

कारखान्यात यंदाच्या मूर्तींचं काम सुरू झालं आहे. दिवसाला पंधरा फोन येतात. सगळ्यांना दहा इंचाचा गणपती आठ इंचाच्या भावात हवा असतो. अनोळखी नंबर मी उचलणंच सोडलं आहे. नावाने ओळखीची गिऱ्हाइकं देव देईल तेवढी पुरेत.

नूतन रोज ओटीवर बसते. डाव्या हाताने लिहायचा सराव करते. पाटी घेऊन बसते, पोरीसारखी. काल म्हणाली, "दादा, तुझी ती व्यवस्था खरंच हाय ना? का मला गप करायला सांगतोस?" मी म्हटलं, "कागदावर हाय." तेव्हा गप्प झाली.

तिला खोटं बोललो नाही. तुम्हाला तेवढं सांगून ठेवतो.

हैबतराव

&nbsp;

रोहा, रविवार २ मार्च २०२५
(बुधाच्या हस्ते)

हैबतदादा,

हे आधी वाचा. उद्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास इस्पितळाची गाडी आदेशला घेऊन तुमच्या घरी येते आहे. पेणला. तुमच्या पत्त्यावर. नूतनला बाहेर काढा.

आता बाकीचं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इस्पितळाचं पत्र मला आलं होतं. रुग्ण सुधारला आहे, औषधावर ठीक राहतो, कोर्टाच्या परवानगीने घरी सोडता येईल, नेण्यास तयार आहात का. मी ते पिठाच्या डब्यात ठेवलं. तुम्ही चौकशी केलीत तेव्हा ते डब्यातच होतं आणि मी 'काही बातमी नाही' असं लिहिलं. दुसरं पत्र आलं, तेही तिथेच ठेवलं. मग तुमच्या फॉर्मचं वाचलं. मला हलकं वाटलं ते का, हे तुम्हाला आता कळेल. माझ्याशिवाय दुसरं नाव आलं म्हणून. शाबासकी नव्हती ती.

काल संध्याकाळी इस्पितळातल्या समाजसेविका ताईंचा फोन आला. "तुम्ही उत्तर देत नाही, पण पेणचे नातेवाईक तयार आहेत, कोर्टात त्यांचा फॉर्म लावून परवानगी मिळाली, त्यांना पत्रही टाकलंय." मी म्हणायला हवं होतं, अहो, ते त्याच बाईचं घर आहे. म्हटलं नाही. काल रात्रभर आणि आज दुपारपर्यंत गप्प बसले, दादा. वाटलं, जाईल तिकडे, सांभाळतील कुणीतरी. मग जेवताना माझं लक्ष माझ्या उजव्या हाताकडे गेलं आणि मी ताट सारून उठले.

तुमचा फोन लागत नाही. मितेशच्या फोनवरून सहा वेळा लावला, उचलला नाहीत. बुधा वाल घेऊन आला होता, त्याच्याकडे चिठी देते आहे. तो निडीहून पहाटेची गाडी धरेल. मी सकाळी आदेशसाठी खोली बघते आणि दुपारच्या गाडीने येऊन त्याला घेऊन जाते. तोवर सांभाळा.

अनिता

&nbsp;

पेण, ६ मार्च २०२५

अनिताताईंना नमस्कार.

सोमवारी तुम्ही आलात, आदेशला घेऊन गेलात, आपण तिघं ओटीवर उभे होतो, आणि कुणीही काही बोललं नाही. म्हणून त्याआधीचं लिहितो.

बुधा सातला आला. दाराशी उभा राहून म्हणाला, "ताईनं चिठी धाडलीय. आदी वाचा, मंग पानी द्या." वाचली. माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरांची रांग होती. त्यात इस्पितळाचेही तीन होते. मी त्यांना आठ इंचाचे गणपती समजून सोडून दिलं होतं. इस्पितळाचं पत्रही आलं हो. काल, बुधवारी. सोमवारी माणूस, बुधवारी त्याची पूर्वसूचना.

बहिणीच्या दाराशी त्या माणसाला मी स्वतः आणून ठेवलं होतं. स्वतःच्या अक्षरात, 'होय'वर खूण करून. इतकी वर्षं लोकांच्या मूर्खपणावर मी पोट भरून हसलो. त्या सगळ्यांना एकदम बरं वाटलं असतं.

पहिला विचार आला तो सांगू? नूतनला काहीतरी थाप मारून मावशीकडे पोचवावं. बुधा समोर बसून चहा फुंकत होता. तो म्हणाला, "तिलाच सांगायला आलोय ना मी? का तुमालाच?"

मग तिला सगळं सांगितलं. फॉर्मासकट. तिने एवढंच विचारलं, "होयवर खूण तूच केलीस?"

"व्हय."

"वन्संनी पत्र लपवलं, तू फारम लपवला."

"व्हय."

ती आत गेली. मी दाराबाहेर उभा राहून रडण्याचा आवाज येतो का ते ऐकत होतो. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली ती जायच्या साडीत, पदर उजव्या हातावर घट्ट गुंडाळलेला.

"तो अकराला इथं येनार. म्हंजे निडीत नाय."

"नाय."

"नक्की?"

"गाडी निघाली असेल आता. गाडीत पोलीसही असतो."

ती बुधाकडे वळली. "परतीची गाडी किती वाजता रे?"

अनिताताई, अडीच वर्षं मी तिला समजावत होतो की भिंती उंच आहेत, दारं बंद आहेत, घाबरू नको. काडीचा उपयोग झाला नाही. तो आपल्याच दारात येणार आहे हे कळलं आणि ती घराबाहेर पडली. कारण तो कुठे आहे हे तिला पहिल्यांदाच माहीत होतं. आम्ही तिघं स्टेशनपर्यंत चालत गेलो. फाटकाशी ती एकदा थांबली, पण मागे वळायला नाही. कडी नीट लागली का ते पाहायला.

तो आला साडेअकराला. तुम्ही त्याला पाहिलंच आहे, सुजलाय औषधांनी. पोलिसाने मूर्तींचे भाव विचारले. इस्पितळाच्या ताई सही मागत होत्या. मी त्यांना खरं काय ते सांगितलं तेव्हा त्या बिचाऱ्या खालीच बसल्या. म्हणाल्या, "हे आमच्या कागदात कुठेच नाही." मी म्हटलं, "ठाऊक आहे." तुम्ही येईपर्यंत थांबायचं त्यांनी कबूल केलं.

आदेश बाकाच्या टोकाला बसला. चहाचा कप धरता येईना, म्हणून बशीत ओतून दिला. अडीच वर्षं मी त्याला काय काय बोलायचं ते मनात लिहून ठेवलं होतं. चांगली वाक्यं होती. त्याने आधी विचारलं, "वयनीला सांगितलं का, मी येनार ते?"

"सांगितलं."

"मी तिथं दोनदा बोललो. आदी वयनीला कळवा म्हनलं. ते म्हनले, तुज्या कागदात तिचं नाव नाय."

मग बशी खाली ठेवून म्हणाला, "आता आवाज येत नाय मला. पन ते झालं ते मीच केलं ना?"

माझ्या वाक्यांपैकी एकही या प्रश्नाला बसेना. मी म्हटलं, "चहा घे."

हैबतराव

&nbsp;

निडी, १० मार्च २०२५

अनितावन्सं यांस,

डाव्या हाताने लिहिते. हसू नका. दमले की थांबते.

मी इथंच आहे. वाल निघेपर्यंत राहीन. पुढचं मग. घर झाडलं. स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले. बुधाची बायको वनिता सोबत झोपायला येते.

दादाला सोडा, तो स्वतःलाच मारत बसलाय, त्यातही विनोद करतो. तुमच्यावर मी रागावले आहे. मला न कळवता तुम्ही दोघांनी माझी काळजी केलीत. असली काळजी नको.

आदेश रोह्यात राहू दे. त्याला कोंडायला मी सांगत नाही. मला हवं ते सांगते. त्याचं इंजेक्शन झालं की दर महिन्याला मला कळवा. चुकलं तर त्याच दिवशी कळवा. तो रोह्याबाहेर निघणार असेल तर आदल्या दिवशी. निडीला यायचं तर मला विचारून, आणि मी नाही म्हटलं तर नाही. लिहून कळवा, वर माझं नाव घालून. दादाच्या नावाने नको.

मी माफ केलं असं कुणाला सांगत फिरू नका. नाही केलं अजून. तो आजारी होता ते मला कळतं. हात माझा होता, तेही कुणाला तरी कळू दे.

नूतन

&nbsp;

रोहा, २० मार्च २०२५

नूतन हिस,

काल बुधवारी आदेशला इंजेक्शन दिलं. मी समोर उभी होते. पुढचं १६ एप्रिलला. गोळ्या रोज मी मोजून देते. तो रोह्यातच आहे, स्टेशनच्या अलीकडे भाड्याच्या खोलीत. दुपारी अंगणवाडी सुटल्यावर मी तिथे असते. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, त्याचं काही नाही, तेवढीच शांतता.

इस्पितळाची ती दोन पत्रं सोबत पाठवते आहे. पीठ लागलंय, पण वाचता येतात. ती तुझ्याकडे आधी यायला हवी होती.

तुझ्या अक्षराला हसले नाही.

अनिता

&nbsp;

पेण, २७ मार्च २०२५

अनिताताईंना नमस्कार.

तुमचा नंबर सुरू केला आहे. वापरालच असं नाही, पण असू दे. नूतनने तुमचं पत्र मला दाखवलं नाही. 'माज्या नावानं आलंय' एवढंच म्हणाली आणि चौकटीवरच्या खिळ्याला लावून ठेवलं. बरोबर आहे.

इस्पितळातल्या त्या चष्म्याच्या दोरीवाल्या बाईंना मी अर्ज दिला आहे, की जखमी माणसासाठीही एक फॉर्म छापावा. त्यांनी पोच दिली. फॉर्म निघेल असं नाही. पोच मिळाली.

तुम्हाला सांगायचं होतं ते वेगळंच. बुधाचा एक दिवस माझ्याकडे बाकी होता. त्या सोमवारी त्याला दुसऱ्याच्या शेतात वाल उपटायला जायचं होतं. तो खाडा करून आला. परतीचं तिकीट नूतनने काढलं, पण येतानाचं त्याने स्वतःच्या खिशातून काढलं होतं. ज्या कामासाठी एवढ्या मोठ्या राज्यात खण नव्हता, ते त्याने दहा रुपयांत केलं. मी त्याला मजुरी देऊ गेलो तर म्हणाला, "मजुरी कसली? मी काय काम केलं? चिठी आनली." वर म्हणाला, "त्या शेतकऱ्याचा दिस मात्र बुडवला मी. त्याला शब्द दिलता."

तेव्हा मंगळवारी पहाटे मी निडीला उतरलो. वाल दवातच उपटावा लागतो, उन्हं चढली की शेंगा तडकतात, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. त्या शेतकऱ्याने मला पाहून बुधाला विचारलं, "हे कोन आनलंस?" बुधा म्हणाला, "माजा बदली हाय." माझ्या ओळीत निम्मे वेल मुळांशिवाय हातात आले. नऊ वाजता कंबर धरून बसलो. बुधाने ओळीवर नजर टाकली आणि म्हणाला, "दादा, ह्यो अर्धाच दिस झाला."

काल पुन्हा जाऊन उरलेला अर्धा दिला. नूतन पलीकडच्या बांधावर डाव्या हाताने पेंढ्या आवळत होती. निघताना बुधाच्या हातावर दहाचं नाणं ठेवलं. तिकिटाचे म्हटलं. ते मात्र त्याने घेतलं, उलटून पाहिलं, खिशात टाकलं, आणि शेवटची पेंढी उचलून माझ्या डोक्यावर चढवली.

हैबतराव